वापरलेली भारी एमटीबी विकताना किंमत कशी धरावी? – अनुभव धागा

लाखाच्या वरची माउंटन सायकल मराठवाड्यात विकायला काढली की दोन प्रकारची गिऱ्हाइकं भेटतात. गावातलं गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्या पैशात जुनी मोटारसायकल येते. पुण्या-बंगळूरच्या गिऱ्हाइकाला सगळं कळतं, पण त्याला सायकल न बघता घ्यायची असते. मग विकणारा एक तर बिलावरच्या आकड्याला चिकटून बसतो, नाहीतर वैतागून निम्म्याच्याही खाली देऊन मोकळा होतो. ज्यांनी अशा सायकली विकल्या, घेतल्या, दुरुस्त केल्या त्यांनी इथे लिहावं. आकडा कसा काढता, काय तपासता, काय बदलून देता, कशी पाठवता? 'चांगल्या कंडिशनमध्ये, कमी वापर' एवढंच लिहू नका, मापं लिहा.

छत्रपती संभाजीनगरहून

किंमत काढताना बिल बाजूला ठेवा. त्याच दर्जाची नवी सायकल आज दुकानात कितीला मिळते, तिथून मोजायला सुरुवात करा. हे आता जास्तच महत्त्वाचं झालंय, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. जुन्या करासकट 1,12,000 ला घेतलेली सायकल, मूळ भाव तोच राहिला तरी आज 1,05,000 ला येते. तुमचे सात हजार विकायच्या आधीच गेले. गिऱ्हाईक हा हिशेब करूनच फोन करतं.

माझा ठोकताळा असा: पहिल्या वर्षात आजच्या भावाच्या 30 ते 35 टक्के उतरतात, तीन वर्षांनी साधारण निम्मे राहतात. त्यातून नव्या मालकाला लगेच करावा लागणारा खर्च वजा करायचा. समजा आजचा भाव 1,60,000 आहे आणि सायकल तीन वर्षं चाललीय. निम्मे 80,000. दुकानातून विचारून घेतलं तर चेन-कॅसेटचे (कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) 11,000, फोर्कच्या (पुढचं चाक धरणारा शॉकचा चिमटा) सर्व्हिसचे 5,000, मागच्या टायरचे 3,500 निघाले. एकूण 19,500, म्हणजे खरी किंमत 60,500. जाहिरातीत 65,000 लिहा आणि 58,000 च्या खाली जायचं नाही हे पहिला फोन यायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. समोरचा गोड बोलायला लागला की हा कागद कामाला येतो.

स्वस्त कामं स्वतः करून द्या. टायर आणि चेन आधीच बदला, कारण झिजलेला टायर दिसला की गिऱ्हाईक मनातल्या मनात त्याच्या दुप्पट कापतं. फोर्कच्या सर्व्हिसचं मात्र बिल असेल तरच करून उपयोग. तोंडी सांगितलेल्या सर्व्हिसला कोणी पैसे देत नाही.

26 इंची चाकं आणि साध्या क्विक-रिलीजची (हातानं लिव्हर फिरवून चाक सुटतं ती) 135 मिमी मागची हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, असेल तर वरचा हिशेब लागू नाही. आजच्या चांगल्या एमटीबीला 29 किंवा 27.5 ची चाकं आणि मागे 148 मिमीचा बूस्ट थ्रू-ॲक्सल (हबमधून आरपार जाणारा जाड दांडा, 'बूस्ट' हे त्या रुंद मापाचं नाव) असतो. जुन्या मापाचा चांगला फोर्क किंवा चाकं आता सहज मिळत नाहीत, म्हणून अशी सायकल कितीही जपलेली असली तरी तिला पुढचं आयुष्य कमी. तिचा भाव पार्टांवरून काढा.

जालन्याहून, सायकल दुरुस्तीचं काम

चेन 'ठीक आहे' असं लिहू नका, मोजून लिहा. गेज नसेल तर स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचं आणि 24 कड्या पुढची पिन बघायची. नव्या चेनला तिथे 304.8 मिमी येतात. 306.3 च्या पुढे गेली म्हणजे अर्धा टक्का ताणली, आणि 11 किंवा 12 स्पीडची चेन इथेच बदलायची असते. हे साधलं तर कॅसेट वाचते. तीच चेन आणखी वर्षभर ओढली की दातांचे खड्डे लांबट होतात, मग त्यावर नवी चेन टाकली तरी चढावर जोर दिला की उडते. 12 स्पीडची कॅसेट महाग असते, म्हणून गिऱ्हाईक आधी तिथेच बघतं.

ब्रेकची डिस्क व्हर्नियरनं मोजा. शिमानोची नवी 1.8 मिमी असते, 1.5 ला बदलायची. पॅडचा मसाला अर्धा मिमी उरला की पॅड संपले. लिव्हर हँडलपर्यंत जात असेल तर ब्लीड करून (तेलातली हवा काढून) द्या, आणि कोणतं तेल आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. शिमानोत मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकांत डॉट (मोटारसायकलच्या ब्रेकमध्ये असतं तसलं ब्रेक फ्लुइड). एकाचं दुसऱ्यात गेलं की सील फुगतात आणि अख्खा ब्रेक जातो. आमच्याकडच्या मोटारसायकलच्या गॅरेजात डॉटची बाटली समोरच असते, आणि शिमानोच्या ब्रेकांचं नुकसान तिथेच होतं.

फोर्क: चकचकीत नळ्यांवरून अंगठ्याचं नख वर-खाली फिरवा. दिसतं पण नखाला लागत नाही असा ओरखडा चालतो. नख अडकलं तर सील कापली जाणार, तेल येणार, आणि नळ्यांचा पूर्ण संच बदलणं म्हणजे जवळपास नवाच फोर्क. रॉकशॉक्सच्या फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस 50 तासांनी आणि पूर्ण सर्व्हिस 200 तासांनी सांगितलेली आहे, फॉक्सची 125 तासांनी किंवा वर्षातून एकदा. आठवड्याला सहा तास चालवणाऱ्याचे 50 तास दोन महिन्यांतच भरतात, त्यामुळे 'अजून सर्व्हिसची गरजच पडली नाही' हे वाक्य जाहिरातीत आलं की मला तर काळजीच वाटते.

परभणीहून

वरच्या दोघांनी पार्टांचं नीट लिहिलंय. पण आपल्या भागातली सायकल वेगळ्या ठिकाणी झिजते.

काळी माती. ओल्या काळ्या रानातून शंभर मीटर गेलं तरी चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो, आणि चाक त्या गोळ्यावर घासत फिरतं. त्यातले बारीक खडे सँडपेपरसारखं काम करतात. म्हणून घेणाऱ्यानं चाक काढून मागच्या दोन्ही दांड्यांची आतली बाजू, बीबीच्या (दोन्ही पेडलांच्या मधली बेअरिंग असते ती जागा) मागचा भाग आणि फोर्कच्या कमानीची खालची बाजू बघावी. रंग उडून ॲल्युमिनियम दिसत असेल तर फार बिघडत नाही. कार्बनवर धागे दिसू लागले असतील तर किंमत बरीच खाली येते, कारण तिथं किती थर गेले हे बाहेरून कळत नाही.

दुसरं नुकसान गाड्या धुण्याच्या प्रेशरच्या पाण्यानं होतं. चिखल पटकन निघतो खरा, पण पाणी सीलमधून बेअरिंगमध्ये जातं आणि ग्रीस धुऊन काढतं. चाक काढून हबचा ॲक्सल दोन बोटांनी सावकाश फिरवा. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेली. फुल सस्पेन्शन (पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉक) असेल तर शॉकचा एक बोल्ट काढून मागचा त्रिकोण हातानं वर-खाली करा. तो अडखळता कामा नये, आणि आडवा हलताही कामा नये. पिव्हटचा (मागचा त्रिकोण ज्या सांध्यांवर हलतो त्यांचा) सगळा बेअरिंग संच बदलायचा झाला तर मजुरीसकट मोठी रक्कम होते, ती आधी विचारून ठेवा.

विकायच्या आधी धुताना चिखल पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशनं झाडा, मग मगानं पाणी. चेनवर मारायचं तेल डिस्कवर उडू देऊ नका. पॅडमध्ये तेल मुरलं की ब्रेक किंचाळतो आणि टेस्ट राइडला पहिलं तेच ऐकू येतं.

आणि काटे. वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आरपार येतो, त्यामुळे इथं ट्यूबलेस असणं ही विकताना जमेची बाजू आहे, फक्त आतला सीलंट (भोक आपोआप बुजवणारा पातळ पदार्थ) ओला हवा. चाक कानाजवळ धरून हलवा, पातळ पदार्थ डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतो, मार्च ते जूनमध्ये दर दोन महिन्यांनी बघावा लागतो. टायर उघडून वाळलेली रबरी साय काढा, आतून कापडाचा बोळा फिरवा (तुटलेल्या काट्याची टोकं कापडाला अडकतात, बोट फिरवलं तर बोटात जातात) आणि 29 बाय 2.4 च्या टायरला 100 ते 120 मिली नवा सीलंट टाका. तारीख जाहिरातीत लिहा.

नांदेडहून

एकच सांगायचंय. लोक वरून बसवलेल्या पार्टांचे पैसे मागायलेत, ते मिळत नाहीत दादा. कार्बनचा हँडलबार, भारी पेडल, महागडं सीट ह्यांचा भाव गिऱ्हाईक धरतच नाही. मूळ पार्ट जपून ठेवलेले असले तर तेच परत लावा अन् भारीचे वेगळे विका. पेडल तर हमखास वेगळे विकायचे, प्रत्येकाची आवड वेगळी असते. ह्याला अपवाद ड्रॉपर पोस्टचा (बटण दाबून सीट खाली-वर करायची दांडी). तो चालू असला तर सायकलवरच ठेवा, त्याच्यामुळं सायकल लवकर जाते. दाबून खाली नेऊन दहा मिनिटं तसाच राहू द्या. आपोआप वर सरकायला लागला तर आतलं कार्ट्रिज गेलंय.

अख्खी सायकल मोडून पार्ट विकले तर बेरीज जास्त येते हे खरं आहे, पण फ्रेम शेवटी अंगावर राहते. साइझ एक्सएल असली तर जास्तच.

लातूरहून

साइझवरूनच पुढे लिहिते. जाहिरातीत एस, एम, एल याच्यासोबत फ्रेमचा रीच (बीबीपासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) मिमीमध्ये आणि चालवणाऱ्याची उंची लिहा. एका कंपनीची एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढी असू शकते. न बसणारी सायकल गळ्यात मारली की ती परत येते, नाहीतर गावभर बोलणं येतं.

फोटो सकाळच्या उन्हात, साध्या भिंतीसमोर. चेनची बाजू पुढे, पूर्ण सायकल चौकटीत, कॅमेरा बीबीच्या उंचीवर. मग जवळून: कॅसेटचे दात, फोर्कच्या नळ्या, दोन्ही रिमच्या कडा, बीबीच्या खालचा भाग. तिथे सायकल खाली आपटल्याच्या खुणा असतात आणि विकणारे नेमका तोच फोटो टाकत नाहीत. प्रत्येक ओरखड्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. लांबच्या गिऱ्हाइकाचा विश्वास या फोटोंवरच बसतो, आणि घासाघीसही कमी होते, कारण समोर आल्यावर नवीन काही सापडत नाही. फ्रेम नंबर मात्र जाहिरातीत पूर्ण दाखवू नका, बोलणं पक्कं झाल्यावर द्या.

कार्बन फ्रेमवर त्याच नाण्यानं हलके ठोके देत जा. टणक आवाज येत असताना मध्येच एका जागी बद्द आवाज आला, तर तिथे आतले थर सुटलेले असू शकतात. मात्र नळीची जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून डावी-उजवी बाजू त्याच जागी ठोकून तुलना करा. सीट पोस्ट बाहेर निघते का तेही बघा. वर्षानुवर्षं न काढलेली पोस्ट फ्रेममध्ये धरून बसते.

बीडहून

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही. सायकलला आरसी नसते, म्हणून मूळ बिल आणि बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर एवढाच मालकीचा पुरावा. बिलावर तो नंबर नसेल तर दुकानदाराकडून बिलाच्या प्रतीवर लिहून, शिक्का मारून घ्या. विक्रीची साधी पावती करा: तारीख, मॉडेल, फ्रेम नंबर, रक्कम, 'जशी आहे तशी, तपासून घेतली' हे वाक्य आणि दोघांच्या सह्या. आणखी एक, बहुतेक मोठ्या कंपन्यांची फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरती असते. 'वॉरंटी बाकी आहे' असं सांगून विकू नका, आधी कंपनीचे नियम वाचा.

पैसे घेताना यूपीआयचा पिन टाकायची कधीच गरज नसते. सायकल न बघता, घासाघीस न करता लगेच हो म्हणणारा, लष्करात आहे म्हणून ओळखपत्राचा फोटो पाठवणारा आणि 'पैसे यायला हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा माणूस फसवणारा आहे. फोन ठेवून द्या. जमा झाल्याचा मेसेजही खोटा असू शकतो, खात्यात शिल्लक बघूनच सायकल सोडा.

टेस्ट राइड चढाची द्या, सपाट रस्त्यावर काही कळत नाही. संभाजीनगरकडच्यांना खुलताबादहून म्हैसमाळला चढणारा रस्ता आहेच. बसून, जोर लावून, रोज वापरातल्या मधल्या गिअरांवर चढवली की झिजलेली कॅसेट लगेच उडी मारते. उतरताना ब्रेक धरून ठेवला आणि लिव्हर आत-आत जायला लागली तर तेल जुनं झालेलं असू शकतं. राइडला सोडताना मूळ ओळखपत्र आणि गिऱ्हाइकाची गाडी तुमच्याकडे राहू द्या.

छत्रपती संभाजीनगरहून, पुन्हा

बाहेरगावी पाठवण्याबद्दल राहिलं होतं. सायकलच्या दुकानातून नव्या सायकलचा रिकामा खोका मागून आणा. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर क्रँकचे आटे जातात. पुढचं चाक काढल्यावर थ्रू-ॲक्सल परत फोर्कमध्ये घाला, म्हणजे फोर्कचे पाय दबत नाहीत. ब्रेकच्या पॅडांमध्ये पुठ्ठ्याची जाड घडी अडकवा. वाटेत लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येऊन चिकटतात. मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) बोल्ट काढून फ्रेमच्या आत कापडात बांधा, खोका आडवा टाकला की हँगर (डिरेलर धरणारा फ्रेमचा तुकडा) वाकतो तो यामुळे वाचतो. वायरलेस गिअर असतील तर बॅटऱ्या काढून वेगळ्या द्या.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून जाते, ट्रॅव्हल्सच्या डिकीतूनही जाते. ट्रॅव्हल्सनं लवकर पोचते, पण डिकीत तिच्यावर आणखी काय टाकतात यावर तुमचा ताबा नसतो, म्हणून खोका उभा बांधून घ्या आणि गाडी सुटेपर्यंत तिथे थांबा. पॅक करताना प्रत्येक पायरीचा व्हिडिओ काढा, शेवटी बंद खोक्याचाही. घेणाऱ्यालाही खोका उघडताना व्हिडिओ काढायला सांगा. थ्रू-ॲक्सल, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट आणि डिरेलरचा बोल्ट कुठे ठेवलेत ते खोक्याच्या आतल्या झाकणावर मार्करनं लिहा. सुटे बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमलाच चिकटवा. खोक्याच्या तळाशी टाकली तर कोपऱ्यातल्या भोकातून ती वाटेतच पडते.