मदत हवी आहे: स्पर्धेसाठी टेक्सासची चिली करतेय, होतोय मात्र मटणाचा रस्सा

नमस्कार मंडळी,

मी ह्यूस्टनला राहते. आमच्या ऑफिसात दर ऑक्टोबरात चिलीची (म्हणजे वाळवलेल्या मिरच्यांच्या वाटणात शिजवलेल्या मांसाच्या दाट पदार्थाची) स्पर्धा असते आणि या वर्षी मी पहिल्यांदाच नाव दिलंय. हाताशी दोन आठवडे आहेत. रविवारी एक पातेलं करून पाहिलं आणि शेजारच्या आजोबांना वाटीभर नेऊन दिलं. ते मूळचे सॅन अँटोनियोचे, चिली खातच मोठे झालेले. वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "फार छान झालंय गं, पण ही चिली नाही, तुमच्याकडची करी आहे."

त्यांचं खरं होतं. डोळे मिटून खाल्लं असतं तर मीही रस्साच म्हटलं असतं.

घरचे म्हणतात, तेच ने, वेगळं म्हणून आवडेल. मला ते नकोय. पांढऱ्या रश्शाच्या स्पर्धेत कुणी क्रीमचं सूप आणून ठेवलं, तर कितीही चवदार असो, तो पांढरा रस्सा नव्हे. चिली १९७७ पासून टेक्सासचा अधिकृत पदार्थ आहे, इथली माणसं तिच्यावर जीव टाकतात. बारा वर्षं मी यांच्यात राहतेय, तर एकदा त्यांचा पदार्थ त्यांच्या चवीचा करायचाय.

नियम असे: बीन्स चालत नाहीत, भात-पास्ताही नाही, मांस कुठलंही चालतं. मी बीफ खात नाही, आणि चाखता येत नाही ते रांधायला माझा हात धजत नाही, म्हणून बोकडाचं मटण. वास, रंग, दाटपणा, चव आणि घास गिळल्यावर मागे राहते ती चव, यांवर गुण.

मी काय केलं ते सांगते. दीड किलो बिनहाडाचं मटण, अर्ध्या इंचाचे तुकडे. सहा आंचो, पाच ग्वाहियो, एक चिपोटले. (आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो मिरची, रुंद, काळपट, वास मनुकांसारखा. ग्वाहियो रंगाला आपल्या ब्याडगीच्या जवळची. चिपोटले धुरावर वाळवलेली असते.) मिरच्या तव्यावर भाजून, भिजवून वाटल्या. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतले, जिरे-धणे पूड घातली, मग वाटण, मग मटण. अडीच तास मंद आचेवर. मटण सुरेख शिजलं, पण वाटण कडवट लागलं, वर बोटभर तर्री आली आणि खाली रस पातळच राहिला.

चूक नेमकी कुठे झाली? इथे कुणी स्पर्धेत उतरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद

मी डॅलसला तीनदा भाग घेतलाय, एकदा तिसरा नंबर आला. तुमचं वाचताना माझं पहिलं पातेलं आठवलं.

आधी आलं आणि धणे काढा. कांदा लाल करू नका, टोमॅटो घालायचाच तर अगदी थोडा. आपल्याला करी वाटते ती या चौघांच्या परतण्यामुळे. मटण थोड्या तेलात चांगलं तांबूस होऊ द्या, कांदा-लसूण बारीक वाटून त्यातच शिजवा. मसाल्यात जिरे हवेत आणि मेक्सिकन ओरेगानो. पिझ्झावरचा नको, ती वनस्पतीच निराळी.

कडवटपणा भाजण्यातून आलाय. आपण मसाल्यासाठी मिरची खमंग होईपर्यंत भाजतो, आंचोला ते सोसत नाही. देठ-बिया काढून तव्यावर दाबा, वास सुटला की उचला, अर्धं मिनिटही पुष्कळ झालं. भिजवलेलं पाणी चाखून बघा, कडू असेल तर फेकून द्या आणि साध्या पाण्यात वाटा.

वाटण आणि जिरे सगळे सुरुवातीला घालू नका. तिसरा हिस्सा मागे ठेवा आणि उतरवायच्या अर्धा तास आधी घाला. दोन-अडीच तासांत जिऱ्याचा वास उडून जातो आणि परीक्षक आधी वासच घेतात.

दाटपणासाठी मासा हारिना, म्हणजे चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ. दोन चमचे गार पाण्यात कालवून शेवटची पंधरा मिनिटं. मक्याच्या टॉर्टियाचा मंद वास येतो, तो तिथल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो.

आणि तर्री काढून टाका. आपले डोळे तिच्यावर जातात, त्यांना मात्र तो तेलकटपणा वाटतो. डावाने अलगद उचला, रंग खालच्या रसात आलेला असतोच.

धागाकर्ती

मनापासून आभार! काल रात्रीच परत केली, निम्म्या प्रमाणात. आलं घ्यायला हात दोनदा डब्याकडे गेला, आवरला. आंचो वीस सेकंदांत उचलली आणि स्वयंपाकघरात खरंच मनुकांचा वास पसरला. कडवटपणा पूर्ण गेला. मासा हारिनाने रस तुकड्यांना धरून राहिला. काढलेली तर्री मी आज भाकरीबरोबर खाल्ली.

आजोबांना परत वाटी दिली. पहिला घास घेऊन थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मीठ किंचित वाढव." करी हा शब्द या वेळी आला नाही. आता एकच विचारायचंय: सकाळी सहाला करून दुपारी बारापर्यंत स्लो कुकरमध्ये गरम ठेवायचीय. मागे ठेवलेला मसाला घरीच घालू की तिथे पोचल्यावर?