आईच्या गुडघ्यांसाठी ग्लुकोसामाइन-कोलॅजेनची पावडर सुरू करू का?

लालबागची लेक

नमस्कार मंडळी. आई 68 वर्षांची आहे. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, संडास मजल्याच्या टोकाला आणि तोही भारतीय पद्धतीचा. तिचे दोन्ही गुडघे तीन वर्षं दुखताहेत, यंदा उजवा फारच. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, गादी झिजलीय, पण ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही. रात्री उठली की आधी पलंगाची दांडी धरून नुसती उभी राहते. मग गुडघा कट्‌ वाजतो आणि ती हळूच "विठ्ठला" म्हणते. मी जागीच असते.

परवा बहिणीनं एक डबा आणून दिला. त्यात ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, कोलॅजेन आणि हळदीचा अर्क आहे. महिनाभराचा डबा 2,400 रुपयांना. तिच्या सासूबाई म्हणे त्यानं जिने चढायला लागल्या. माझं पोळी-भाजीच्या डब्यांचं काम आहे, दरमहा एवढे काढणं जड जाईल, पण आईला उतार पडणार असेल तर काढीन. सील अजून फोडलेलं नाही.

सध्या चालू असलेलं सांगते. बीपीची सकाळची एक गोळी. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. दिवाळीत रक्तात डी व्हिटॅमिन कमी आलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी दिलेली डी थ्रीची पुडी, दर रविवारी दुधातून. संक्रांतीनंतर हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली एक कॅप्सूल दर बुधवारी, आणि कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या. कॅलेंडरवर खुणा करून न चुकता देते. महिनाभर तिची भूक मेलीय, पोट साफ होत नाही आणि सारखं पाणी पाणी करते, रात्रीत चारदा लघवीला उठते. साखर तपासली, ती बरोबर आहे, म्हणून उकाड्याचं असेल म्हणून सोडून दिलं.

या पावडरीनं खरंच गुण येतो का? आणि आई माळकरी आहे, तिला न चालणारं काही त्यात नसेल ना? दर आषाढीला ती वडाळ्याच्या विठोबाला चालत जाते. यंदाही जायचंच म्हणते.

मुलुंडची मावशी

अगं, डब्यापेक्षा डिंकाचे आणि मेथीचे लाडू कर. माझ्या आईनं आयुष्यभर तेच खाल्लं. हळद-दूधही दे, चिमूटभर मिरपूड घालून, म्हणजे हळद अंगी लागते. नाचणीची भाकरी ठेव आठवड्यातून चार वेळा, कॅल्शियम भरपूर असतं. गुडघ्याचं वंगण असं घरातूनच मिळतं.

गिरगावातला मेडिकलवाला

ताई, 22 वर्षं काउंटरवर आहे आणि हे डबे मीही विकतो. पण पावडरीचं नंतर बोलू. आधी एक काम करा, उद्या सकाळीच करा.

रविवारची पुडी आणि बुधवारची कॅप्सूल, दोन्हीची पाकिटं शेजारी ठेवा आणि बारीक अक्षरांत लिहिलेला घटक वाचा. कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे डी थ्रीच), 60,000 युनिट असं दोन्हीवर सापडेल, असा मला दाट संशय आहे. कंपनी वेगळी, नाव वेगळं, औषध एकच. तसं असेल तर आईच्या पोटात आठवड्याला 1,20,000 युनिट जाताहेत. ही पुडी साधारण आठ आठवडे आठवड्याला एक अशी देतात, मग थांबवतात किंवा महिन्याला एकवर आणतात. दिवाळीपासून आता जून आला. डी हे बी किंवा सी सारखं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठत राहतं. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. त्याची लक्षणं तुम्हीच लिहिलीत: भूक मरणं, पोट न होणं, तहान, वारंवार लघवी. पुढे गेलं तर मूत्रपिंडाला त्रास होतो. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर थायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असा शब्द आहे का तेही बघा. ही औषधं कॅल्शियम अंगात धरून ठेवतात. ती गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

सगळी पाकिटं एका पिशवीत घालून फॅमिली डॉक्टरांकडे न्या. कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते यातून कळतं) आणि डीची तपासणी सांगतील. ते सांगेपर्यंत पुडी, कॅप्सूल आणि कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. आई गुंगल्यासारखी वागली किंवा उलट्या झाल्या तर थांबूच नका, थेट दवाखाना गाठा. यात तुमची चूक नाही. दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहिलेले नसतात आणि आम्ही दुकानदारही चिठ्ठीवर जे आहे ते देऊन मोकळे होतो. मी आता प्रत्येकाला विचारतो, घरी आणखी कुठलं डी चालू आहे का.

आता पावडर. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनची मोठी चाचणी अमेरिकेत झाली, तिचा निकाल 2006 साली छापून आला. गुडघेदुखीची 1,583 माणसं, 24 आठवडे. एकूण हिशेबात बनावट गोळीपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा, ठाम असा जास्त गुण आढळला नाही. बनावट गोळी खाणाऱ्यांतल्याही शंभरातल्या साठांना आराम पडला होता, कारण दुखणं आपलं आपण कमीजास्त होत असतं. ज्यांचं दुखणं मध्यम ते जोराचं होतं, अशा छोट्या गटात दोन्ही एकत्र घेतल्यावर फरक दिसला, तेवढीच आशा. अमेरिकेतल्या संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेनं 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइन घेऊ नका, असंच सांगितलंय. बहिणीच्या सासूबाईंना बरं वाटलं हे मी खोटं म्हणत नाही. माझ्याकडेही अशी गिऱ्हाइकं आहेत. पण झिजलेली गादी भरून येते, असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. डब्यावर "औषधी वापरासाठी नाही" असं छापलेलं असतं, ते कायद्यानंच छापावं लागतं.

माळेचं विचारलंत ते बरं केलंत, कारण हे कुणी सांगत नाही. ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यावर बुरशी वाढवून केलेलंही मिळतं, पण तसं डब्यावर लिहिलेलं असावं लागतं. कॉन्ड्रॉइटिन गुरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून येतं, कोलॅजेन मासे, गुरं किंवा डुकरांपासून. डब्यावर हिरवी खूण आहे की तपकिरी, ते बघा. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी आणि वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही घेऊ नये. हळदीच्या अर्कालाही तेच लागू. स्वयंपाकातली हळद निराळी, तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीतला मुख्य गुणकारी घटक, तीनेक टक्केच असतं.

मावशी, नाचणी उत्तम, पण या ताईंच्या आईचं रक्त तपासून होईपर्यंत कॅल्शियम वाढवायचं काहीच नको.

निवृत्त कंडक्टर, नायगाव

ताई, बेस्टमध्ये 31 वर्षं उभ्यानं काढली. माझेही गुडघे गेले होते. तीन डबे मीही संपवले, त्याचं सांगत बसत नाही. मला उठवलं ते पालिकेच्या दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी.

टॉवेलची गुंडाळी करायची, पाय लांब करून गुडघ्याखाली ठेवायची. आता गुडघ्यानं टॉवेल खाली दाबायचा आणि दहापर्यंत मोजायचं. मांडीचा वरचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला पाहिजे, हात लावून बघा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघ्याचा भार हाच स्नायू उचलतो. मला पहिला आठवडा काही वाटलं नाही, दीड महिन्यानंतर खुर्चीतून हात न टेकता उठलो. आईंची तब्येत सावरली की डॉक्टरांना विचारून सुरू करा.

जिना चढताना आधी डावा, म्हणजे बरा पाय, उतरताना आधी उजवा, दुखरा. काठी डाव्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही. मी दोन वर्षं चुकीच्या हातात धरत होतो. चाळीच्या संडासासाठी मध्ये भोक असलेली लोखंडी कमोडची खुर्ची मिळते, ती भांड्यावर ठेवता येते आणि काम झालं की उचलून घरी आणता येते. उकिडवं बसणं बंद झालं तेव्हाच माझं अर्धं दुखणं गेलं. त्या पावडरीच्या पैशांतून आधी ती आणा. आणि अंगावर वजन असेल तर थोडं उतरवा. एक किलो कमी झालं की पाऊलागणिक गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो.

लालबागची लेक

दहा दिवसांनी लिहितेय, रागावू नका.

दादा, दोन्हीवर तेच नाव होतं, 60,000. ओट्यावर पाकिटं ठेवून वाचलं आणि हातपाय गार पडले. आईचं कॅल्शियम 11.9 आलं, कागदावर 10.5 च्या आत हवं असं छापलंय. डी 167. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं, डॉक्टरांनी ती बदलून दिली. एक रात्र दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं. कालच्या तपासणीत कॅल्शियम 10.8 आलंय. डी उतरायला काही महिने लागतील म्हणाले, दर पंधरा दिवसांनी रक्त बघायचंय. परवा तिनं स्वतःहून पिठलं-भात मागितला. मी ओट्याकडे तोंड करून रडले.

काका, खुर्ची आणली. टॉवेलचा व्यायामही डॉक्टरांना विचारून सुरू केलाय. आई आकडे मोजत नाही, दहा वेळा "ज्ञानोबा-तुकाराम" म्हणते, तेवढ्यात वेळ बरोबर भरतो. आषाढीला वडाळ्याला बसनं जायचं कबूल केलंय तिनं, देवळाच्या गल्लीपासून पुढे मात्र चालणार.

डब्याच्या मागे, अगदी खाली, तपकिरी खूण आहे. चाळीस वर्षांची माळ आहे तिच्या गळ्यात आणि मी दुधातून द्यायला निघाले होते. बहिणीलाही ठाऊक नव्हतं. सील तसंच आहे, बिलही आहे. दुकानदार परत घेतात का हो दादा?

गिरगावातला मेडिकलवाला

बिल आणि सील असेल तर विचारून बघा, बरेचसे घेतात. नाही म्हणाला तर जमल्यास मोबदल्यात बीपीच्या गोळ्या घ्या. आईंना नमस्कार सांगा. पुढच्या तपासणीचा आकडा इथे लिहा, वाट बघतो.