डेबियन मेंटेनरसाठी एकाची शिफारस करायचीय, कशाच्या जोरावर करू?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. मी डेबियन डेव्हलपर आहे (डेबियन म्हणजे लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), ऐरोलीचा एक मुलगा गेलं दीड वर्ष माझ्याकडे पॅकेजेस (इन्स्टॉलसाठी बांधलेली सॉफ्टवेअर) पाठवतोय, मी तपासून अपलोड करतो. तीन पायथन लायब्रऱ्या खरं तर तोच सांभाळतो, माझा फक्त शिक्का. आता त्याला डेबियन मेंटेनर, म्हणजे ठरावीक पॅकेजेस स्वतः अपलोड करू शकणारा, व्हायचंय आणि ॲडव्होकेट, म्हणजे शिफारस करणारा, म्हणून त्याने मला विचारलंय.

की साइनिंग, म्हणजे त्याची डिजिटल सहीची की ओळख पटवून प्रमाणित करणं, झालंय. मागच्या महिन्यात तलावपाळीला भेटलो, पासपोर्ट बघितला, त्याने कागदाच्या पट्टीवर छापून आणलेलं ४० अक्षरांचं फिंगरप्रिंट बाकड्यावर बसून एकेक अक्षर वाचत जुळवलं. पण त्यातून एवढंच कळलं की ही की त्याचीच आहे. माणूस कसा आहे ते थोडंच कळतं?

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं (फाइली दाबून लहान करणारं टूल) प्रकरण डोक्यातून जात नाही. तिथेही कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून पॅचेस पाठवले, थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि ५.६.० आवृत्तीत बॅकडोर (चोरवाट) घुसवलं. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एकजण खोलात शिरला म्हणून ते सापडलं. मग मी कशाच्या जोरावर लिहू की हा मुलगा भरवशाचा आहे?

कोपरी_काका
अरे, आधी हे बघ की तू त्याला नक्की काय देतोयस. २००७ पासून डीएम, म्हणजे डेबियन मेंटेनर, हा प्रकार आहे आणि डीएमला अख्खं आर्काइव्ह (सगळ्या पॅकेजेसचं भांडार) मोकळं नसतं. ज्या पॅकेजची परवानगी कोणी डीडी (डेबियन डेव्हलपर) देईल तेवढंच तो अपलोड करू शकतो, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. नवीन पॅकेज तर अजूनही तुझ्यासारख्याच्याच हातून जाणार. म्हणजे घराची किल्ली नाही देत आहेस, एका खोलीची देतोयस.

टर्मिनल_ताई
काकांचं बरोबर आहे पण दादा, तुमची भीती खरी आहे आणि ती नुसत्या नियमांनी जाणार नाही. मी वाशीची, माझी शिफारस झाली तेव्हा माझ्या ॲडव्होकेटने कोड किती चांगला हे लिहिलंच नाही, माझी एक चूक लिहिली. झालं असं की मी एक फाइल एका पॅकेजमधून दुसऱ्यात हलवली आणि पॅकेजची माहिती असलेल्या कंट्रोल फाइलमध्ये ब्रेक्स आणि रिप्लेसेसच्या ओळी (ही फाइल आधी जुन्या पॅकेजात होती हे सांगणाऱ्या) टाकायच्या राहिल्या. पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या लिंटियनने चकार शब्द काढला नाही, माझ्या मशीनवर नवीन इन्स्टॉल मस्त चाललं, पण जुन्यावरून अपग्रेड करणाऱ्यांचं डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मधेच अडकायला लागलं, ही फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजची आहे म्हणून. पनवेल लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर कळलं, पोटात गोळा आला, घरी पोचल्या पोचल्या स्वतःच बग नोंदवला गंभीर म्हणून आणि मग दुरुस्तीला बसले. त्याने लिहिलं की हिने लपवलं नाही.

तुमच्या मुलाचं असं काही आठवतंय का? कधी घाई करू नका म्हणून तुम्हालाच थांबवलंय का? एक्सझेडमध्ये उलट होतं बघा, थांबू नका, लवकर रिलीज करा म्हणून सारखा तगादा. मला तोच खरा फरक वाटतो.

घोडबंदरकर
ताई, तुम्ही विचारल्यावर लगेच आठवलं! फेब्रुवारीत एका लायब्ररीची नवीन आवृत्ती आली, मी म्हटलं अपलोड करून टाकू, टेस्ट पास आहेत. त्याने थांबवलं. आत एक मिनिफाय केलेली (दाबून वाचता न येण्यासारखी केलेली) जावास्क्रिप्ट फाइल होती, तिचा मूळ सोर्स नव्हता आणि कॉपीराइट फाइलमध्येही नोंद नव्हती. मी सरळ नजरेआड केली होती. त्याने अपस्ट्रीमला, म्हणजे लायब्ररीच्या मूळ लेखकांना, लिहिलं, तीन आठवडे थांबला, मधे मला दोनदा सांगितलं की अजून उत्तर नाही, थांबूया. शेवटी त्यांनी सोर्स दिला तेव्हाच पॅकेज माझ्याकडे पाठवलं. हेच लिहितो, आणि हेही लिहितो की तेव्हा चूक माझी होती, पकडली त्याने.

परवानगी आधी दोन पॅकेजेसची देतो. तिसऱ्यावर बाकीची बरीच पॅकेजेस अवलंबून आहेत, ते अजून काही महिने दोघं मिळून बघू, आणि हे त्याला आजच फोन करून सांगतो, मागाहून कळायला नको.

कोपरी_काका
छान. फक्त मजकूर तुझ्या कीने जीपीजी साइन (डिजिटल सही) करून टाक, नुसता टाकलास तर घेतला जाणार नाही.

टर्मिनल_ताई
आणि ती फेब्रुवारीची गोष्ट तारखांसकट लिहा दादा, बगचा नंबर असेल तर तोही.