रोजच्या वाटेवर धूर कुठे जास्त लागतो? खान्देशकरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, जळगाव : राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या (२०१९) प्रदूषित शहरांच्या यादीत आपलं जळगाव आहे. पण तिथला प्रदूषणाचा आकडा अख्ख्या शहराचा. ट्रकमागे अडकलेल्या माणसाच्या छातीत किती जातं, ते त्यात दिसत नाही. मी स्कूटीवर अजिंठा चौफुलीवरून जाते. तिथे थांबलं की डिझेलचा वास स्कार्फमधूनही येतो. तुम्ही कशानं जाता?

भुसावळचा अपडाउनवाला : रेल्वेनं. लाईन विजेची, त्यामुळे डब्यात त्रास नाही. सगळा धूर स्टेशनबाहेर, रिक्षांच्या गर्दीत.

पारोळ्याची शिक्षिका : एसटीनं धुळ्याला. पुढे भरलेला ट्रक असला की खिडकीतून सगळं आत येतं. त्याहून वाईट फलाटावर, उभ्या बसचं इंजिन चालूच असतं. बस लागेपर्यंत मी लांब उभी राहते.

सायकलवाला, जळगाव : पॅडल मारताना बसलेल्या माणसाच्या दोन-तीन पट हवा आत जाते, म्हणून मी महामार्ग सोडला. मेहरूणकडच्या आतल्या रस्त्यानं जातो. फेरा पडतो, पण घशाची खवखव खूप कमी झाली. मोठ्या रस्त्यापासून थोडं आत गेलं तरी धूर उतरतो भाऊ, करून बघा.

कारवाला, धुळे : ट्रकांच्या गर्दीत काचा बंद करून एसीला आतलीच हवा फिरवायला लावतो. मात्र तसंच फार वेळ ठेवलं की डोकं जड होतं, आपल्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो. रस्ता मोकळा झाला की बाहेरची हवा घेतो. शेजारच्या मोटरसायकलवाल्याला ही सोय नाही, याचं वाईट वाटतं.

नंदुरबार : काळी-पिवळीत मागच्या दाराशी बसू नका. धूळ, धूर दोन्ही आत ओढले जातात.

एक आई : लेकरू स्कूटीवर पुढे उभं असतं, ट्रकचा धूर थेट तोंडावर. रुमाल बांधते. पुरतो का?

धागाकर्ती : ताई, रुमालानं फुफाटा अडतो, २.५ मायक्रॉनहून बारीक कण अडत नाहीत. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ सालीच जाहीर केलंय. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी, आणि मोठ्यांच्या मापाचा लहानांना बसत नाही. शाळेला गल्लीतून वाट आहे का? चौकात ट्रक-बसच्या अगदी मागे थांबू नका.

एक आई : आहे, मागच्या कॉलनीतून. सोमवारपासून तिकडूनच नेते.