टाळेबंदीतला कारखाना: माल कुणी दिला, पैसे कुणाचे अडकले

करोनाच्या टाळेबंदीत आपले नागपूरचे छोटे कारखाने बंद कसे पडले यावर भरपूर बोलून झालंय. हा धागा पुढच्या भागासाठी काढतोय. परत सुरू करताना माल कुठून मिळाला? उधार कुणी दिला, फोन उचलणं कुणी बंद केलं? आणि तेव्हा जोडलेली माणसं आज टिकून आहेत का? हिंगणा, बुटीबोरी, कळमना, लकडगंज, कामठी रोड, जिथे कुठे शेड असेल तिथल्यांनी लिहा. घरून उद्योग करणाऱ्या ताईंनी तर नक्कीच लिहा. कंपन्यांची नावं तेवढी टाळा, इथे भांडणं नकोत.

सुरुवात माझ्यापासून करतो. हिंगणा एमआयडीसीत माझं खोक्यांचं युनिट आहे, थ्री प्लाय आणि फाइव्ह प्लाय, म्हणजे तीन आणि पाच थरांची. २० एप्रिल २०२० पासून महापालिका हद्दीबाहेरच्या कारखान्यांना अटींवर परवानगी मिळाली. पण माझे जुने कारागीर राहतात शहरात आणि शहर रेड झोनमध्ये. म्हणजे मशीनला परवानगी होती, माणसाला नव्हती. इसासनी, वानाडोंगरी, नीलडोह इथली पोरं पायी येऊ शकत होती, त्यांच्यावरच सुरू केलं. स्टिचिंगवर, म्हणजे खोक्याला तारेचे टाके मारायच्या मशीनवर, कधी न बसलेला गाडीचा ड्रायव्हर स्टिचिंग शिकला. आजही तोच करतो, गाडीवर दुसरा ठेवलाय.

खरी पंचाईत कागदाची. खोक्याला क्राफ्ट पेपर लागतो आणि क्राफ्ट पेपर बनतो रद्दीपासून. दुकानं बंद, मॉल बंद, रद्दीवाला घरी. मिलमध्ये बाकी सगळं होतं, फक्त रद्दी नव्हती. २०२० संपताना दुसरा तडाखा बसला. चीनने १ जानेवारी २०२१ पासून रद्दीची आयात बंद केली, म्हणून तिकडच्या मिल आपल्याकडून तयार लगद्याचे रोल उचलायला लागल्या. इथल्या मिलना निर्यात परवडत होती, आम्हाला कोण विचारतो? सकाळी दिलेला भाव दुपारी लागू नसायचा. १२० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम) कागद मागितला की १५० चा यायचा, घ्यायचा तर घ्या. खोकं जड व्हायचं. गिऱ्हाईक खूश, कारण त्याला जुन्याच दरात मजबूत माल मिळत होता. फरक माझ्या खिशातून.

यातून काढलं कुणी, तर भंगारवाल्याने. खोकी कापताना जी कात्रण निघते ती मी वर्षानुवर्षं एकाच भंगारवाल्याला विकत आलो होतो. त्यानेच सुचवलं, "भाऊ, कात्रणीचे पैसे घेऊ नका. मी मिलला देतो, मिल तुमचं रीळ आधी सोडेल." आणि सोडलं हो. मिलचा मोठा सप्लायर मी नव्हतो, तो होता. त्याच्या शब्दावर माझी गाडी भरली. चांगल्या काळात मी त्याच्याशी किलोमागे पन्नास पैशांवरून वाद घालायचो.

आता तुम्ही लिहा.

कूलरवाला, पारडी

आमचं दुःख कॅलेंडरवर छापलेलं आहे. नागपूरच्या कूलरचा धंदा होळी ते मे. पत्रा जानेवारीपासून कापतो, बॉडी तयार करून रचून ठेवतो, पाडव्याला दुकान गच्च भरलेलं असतं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देश बंद.

बॉड्या आमच्याकडे, मोटरी दिल्लीकडच्या, त्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकलेल्या. ऊन काही थांबलं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि सगळं गाव घरात. दरवर्षी दिवसा माणूस ऑफिसात असतो, एका खोलीत कूलर पुरतो. त्या वर्षी प्रत्येक खोलीत माणूस होता. फोनवर फोन, "भाऊ, जुना कूलर माळ्यावर आहे, चालू करून दे ना."

मग नवीन विकायचं सोडून जुनेच उभे केले. गल्लीतला वाइंडिंगवाला जळलेल्या मोटरी भरून द्यायचा. एरवी आम्ही त्याच्याकडे फिरकत नव्हतो, कारण नवीन मोटर स्वस्त पडते. त्याच्याकडे तांब्याची तार होती म्हणून सीझनचा थोडाफार पैसा दिसला. वाळ्याच्या ताट्या भरायला ज्या बाया येतात त्यांच्या घरी फ्रेम आणि वाळा पोचवला, त्यांनी अंगणात बसून ताट्या भरल्या. एका मावशीने ताटी इतकी घट्ट भरली की पाणी झिरपेना. दुसऱ्या दिवशी सुईने मोकळी करून दिली, वर मलाच ऐकवलं, "तुमचा वाळाच जाडा आहे जी."

दुसऱ्या वर्षी हुशारी केली, मोटरी दिवाळीनंतर लगेच मागवून ठेवल्या. तर शहरात १५ ते २१ मार्च २०२१ कडक टाळेबंदी, आणि एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद. दोन सीझन गेले. वाइंडिंगवाल्याला मात्र आता दरवर्षी ठरवून काम देतो, मोटर नवीनच स्वस्त पडत असली तरी.

छोटा टेम्पो, वाडी

माझा कारखाना नाही, पण माल मीच वाहिला म्हणून लिहितो. तेव्हा अर्ध्या गाडीचं भाडं कुणालाच परवडत नव्हतं. मग तीन कारखान्यांचा माल एका फेरीत. खाली पत्रा, मधे खोकी, वर पापडाच्या पिशव्या. तिघांच्या तीन चिठ्ठ्या, नाक्यावर प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावून सांगा. डिझेलचे पैसे मला रोख मिळाले, भाडं मागून. तिघांपैकी दोघांनी पूर्ण दिलं.

शाळेचे गणवेश, गांधीबाग

कुणी शाळेच्या गणवेशाचा धंदा करत असेल तर त्याला वेगळं सांगायला नको. एप्रिल ते जून आमचं वर्ष असतं. शाळा बंद झाल्या त्या झाल्याच. खाकी, निळा, चेक्सचा कापड तागेच्या तागे पडून. चेक्सचा कापड दुसरीकडे खपत नाही, कारण प्रत्येक शाळेचा चौकट वेगळा.

मास्क शिवायला घेतले, सगळ्यांनीच घेतले. सरकारने २१ मार्च २०२० ला दर बांधून दिले होते: टू प्लायला ८ रुपये, थ्री प्लायला १०. सर्जिकल मास्कच्या मधला थर मेल्टब्लोनचा, म्हणजे बारीक गाळणाऱ्या न विणलेल्या कापडाचा असतो, तो आमच्यासारख्याच्या हाताला लागणं शक्य नव्हतं. आम्ही कापडी केले. कापड घरचा, शिलाई घरची, अडलं कशावर? इलॅस्टिकवर. अख्ख्या इतवारीत बारीक इलॅस्टिक मिळेना. ज्याच्याकडे होतं तो रिळाचा भाव मीटरला सांगत होता. शेवटी त्याच कापडाच्या नाड्या काढल्या, डोक्यामागे बांधायच्या. दवाखान्यातल्या नर्सबाईंना त्याच आवडल्या, कान दुखत नाहीत म्हणाल्या. गणवेशाचा पांढरा पॉपलिन असा संपला. चेक्सचा अजून आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याबद्दल सांगते. त्याचे माझ्याकडे मोठे पैसे बाकी होते. त्याने तागे परत मागितले नाहीत आणि व्याजही लावलं नाही. पण २०२२ मध्ये शाळा सुरू झाल्यावर भाव सांगताना मीटरमागे थोडं चढवून सांगितलं. मी घासाघीस केली नाही. दोघांना माहीत होतं ते कशाचे पैसे आहेत.

पापड-मुगवड्या, महाल

आम्ही बाया मिळून करतो. वाळवणाचे दिवस आणि टाळेबंदी एकत्रच आली. ऊन फुकट, गच्ची आपली, पोरं घरी, वाटलं यंदा दुप्पट करू. उडदाची डाळ कळमन्याच्या एका अडत्याने घरपोच पाठवली. चक्कीवाला पहाटे दळून द्यायचा. मग लक्षात आलं, पापडखारच नाही. डाळीच्या पोत्यामागे पापडखार तो किती लागतो? पण त्याच्याशिवाय पापड फुलत नाही, तळला की चिवट होतो. ज्या दुकानातून घेत होतो ते सतरंजीपुऱ्याच्या बाजूला. तिथे सगळं सील, बांबू लावलेले.

महिनाभर मुगवड्या आणि कुरडयाच केल्या, त्याला खार लागत नाही. नंतर कळलं, आमच्याच गटातल्या एकीच्या सासूबाईंनी बरणीभर पापडखार जपून ठेवला होता, कुणी विचारलंच नाही म्हणून सांगितलं नाही. काय बोलावं!

विक्री मात्र कधी नव्हती एवढी झाली. बाजार बंद होता म्हणून सोसायट्यांच्या ग्रुपवर ऑर्डर यायच्या. गेटवर पिशवी ठेवायची, पैसे फोनवर. आमच्यातल्या चौघींचं बँकेत नीट खातं तेव्हाच सुरू झालं. पैसा पहिल्यांदा घरच्यांच्या हातातून न जाता सरळ खात्यात आला, यावर एक-दोन घरी बोलणंही झालं. तो वेगळा धागा होईल.

फॅब्रिकेशन, बुटीबोरी

पहिल्या लाटेत माणसं गेली, दुसऱ्या लाटेत गॅस गेला. माझे हेल्पर शिवनी-बालाघाटचे. मे २०२० मध्ये हैदराबादकडून चालत येणाऱ्यांचे जथे पांजरी टोल नाक्यावरून जाऊन राहिले होते. ते पाहून माझी पोरंही म्हणाली, आता थांबत नाही. मी कोणत्या तोंडाने थांबवणार? पगार अर्धा दिला होता.

२०२१ ची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये नागपुरात काय चाललं होतं ते इथे लिहायची गरज नाही. २२ एप्रिलपासून नऊ उद्योग सोडून बाकी सगळ्या उद्योगांचा ऑक्सिजन बंद, सगळा दवाखान्यांना. दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूर स्टेशनला आली, तीन टँकर इथे उतरले. माझ्या शेडमध्ये ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर होते, काही भरलेले, काही रिकामे. भरलेले आधी दिले, मग रिकामेही दिले, कारण सिलिंडरचीच टंचाई होती. त्याबद्दल तक्रार नाही.

पण ऑक्सिजन नाही म्हणजे गॅस कटिंग बंद, आणि गॅस कटिंग बंद म्हणजे जाड प्लेट कापणं बंद. १० मिलिमीटरच्या आत ग्राइंडरने रडतखडत जमतं, २५ ची प्लेट कशाने कापणार? लकडगंजच्या बाजूला एकाकडे जुनं प्लाझ्मा मशीन होतं, त्याला ऑक्सिजन नको, कंप्रेसरची हवा चालते. मशीन त्याचं, प्लेट माझी, रात्रपाळी दोघांची. तो धंद्यात माझा प्रतिस्पर्धी आहे, एकाच टेंडरला दोघंही भाव भरतो. त्या काळात एकमेकांचे दर आम्ही विचारले नाहीत.

पुढे स्टीलचे भाव असे चढले की जुन्या भावात घेतलेल्या ऑर्डरी पुऱ्या करणं म्हणजे गाठीचे पैसे वाटणं. एका मोठ्या कंपनीला दर वाढवून द्या म्हणून पत्र लिहिलं. उत्तर आलं, करार वाचा.

पावडर कोटिंग, जॉबवर्क

सगळ्यांचं वाचलं. भंगारवाला चांगला, वाइंडिंगवाला चांगला, कापडवाला चांगला. बरं वाटलं. आता मी त्या बाजूने लिहितो, कारण मी तोच आहे. तुमच्यासारखे दहा कारखाने मला माल पाठवतात, मी त्यावर पावडरचा रंग ओव्हनमध्ये भाजून परत देतो.

एप्रिल २०२० मध्ये माझे सगळ्यांकडे पैसे होते. सगळ्यांचं उत्तर एकच: "वरून आले की देतो." वरचा म्हणतो त्याच्या वरून. हे वर कुठपर्यंत जातं ते मला आजवर कुणी दाखवलं नाही. पावडर रोखीने घ्यावी लागते, ओव्हनला गॅस रोखीने लागतो, उधार फक्त माझी मजुरी. लहान उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचे लिहिलं आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रारीचं पोर्टलही आहे. मी तक्रार केली तर पुढचा माल कोण पाठवेल? तुम्ही?

आणि मदतीचं म्हणाल तर मे २०२० मध्ये ती तारणाशिवाय कर्जाची योजना आली. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी असेल त्याच्या वीस टक्के नवीन मिळणार. बँकेत गेलो, साहेब म्हणाले, "तुमचं कर्जच नाही." बापाने शिकवलं होतं, बँकेचं घेऊ नको. शून्याचे वीस टक्के किती होतात ते सांगायला साहेब कशाला पाहिजे?

आम्ही टिकलो ते बायकोच्या दागिन्यांवर आणि दोन गिऱ्हाइकांवर, ज्यांनी न मागता पैसे पाठवले. त्या दोघांचा माल मी आजही आधी रंगवतो. बाकीच्यांना वाटतं माझं मशीन बिघडलंय.

फॅब्रिकेशन, बुटीबोरी

पावडरवाले भाऊ, तुमच्या यादीत मी आहे की नाही माहीत नाही, विचारतही नाही. २०२१ नंतर मी एक केलं. जॉबवर्कवाल्यांचे पैसे मोठ्या बिलापासून तोडले. दर शनिवारी त्या आठवड्याचं काम मोजायचं आणि नगदी द्यायचं, मग कंपनीकडून माझे येवोत न येवोत. त्यासाठी बँकेतून सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाची उचल) वाढवून घेतली, तिचं व्याज मी भरतो. ते व्याज भाव भरताना धरतो. टेंडर कधी कधी हातचं जातं.

खोकीवाला, धागाकर्ता

भंगारवाल्याशी पन्नास पैशांचा वाद मी बंद केला एवढंच माझ्याकडून. शनिवारचं आमच्याकडे जमेल का पाहावं लागेल, कागदाची मिल मला आगाऊ पैशांशिवाय रीळ सोडत नाही.

पावडर कोटिंग, जॉबवर्क

शनिवार चांगला आहे. फक्त तुमचा शनिवार सरकून सोमवारवर गेला तर शुक्रवारी फोन करून सांगत जा. माझ्याकडे ओव्हनवर तिघं आहेत, ते शनिवारी संध्याकाळी बाजारात जातात.