मदत हवी आहे : चाळीचं जुनं सागवान. ठेवू कुठे, वापरू कसं?

नमस्कार मंडळी,

सुतारकामातलं कळणारे, किंवा स्वतःची चाळ रिकामी करताना या फेऱ्यातून गेलेले कुणी असतील तर सल्ला हवा आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आहे. पुढच्या महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. मग तीन वर्षं (बिल्डरची तीन, म्हणजे काय ते समजून घ्या) डोंबिवलीत भाड्याने. बाबांचा जन्म याच दोन खोल्यांतला. ते तसे भावुक होणाऱ्यातले नाहीत, पण लाकडाचा विषय निघाला की अडून बसतात.

लाकूड म्हणजे काय, तर माळ्याच्या सात फळ्या. प्रत्येकी ७ फूट लांब, ९ इंच रुंद, सव्वा इंच जाड. बाहेरचा दुपाखी दरवाजा, चौकट आणि कडी-कोयंड्यासकट. आणि एक तुळई, १० फूट, ६ बाय ४ इंच. मागे दुरुस्तीत लाकडी तुळया काढून लोखंडी गर्डर घातले, तेव्हा ही बाबांनी मागून घेतली होती. तेव्हापासून ती गॅलरीत विटांवर टेकवून बाकडं म्हणून पडली आहे. मजल्यावरचे सगळे तिच्यावरच बसून पेपर वाचतात.

ओळखीच्या मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "रंधा मारायची मजुरी देताय त्यात नवीन प्लायचं टेबल येईल, वर सनमायका मारून देतो. याच्यात खिळे आहेत, माझं पातं जाईल." खालचा भंगारवाला तर किलोवर घ्यायला तयार झाला. रद्दीसारखं! बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

तर प्रश्न असे. हे खरंच बर्मा टीक (ब्रह्मदेशातलं सागवान) आहे का, कसं ओळखायचं? फळ्यांना बारीक भोकं आहेत, भुंगा लागलाय का? दरवाज्यावर रंगाचे निदान पाच थर आहेत, ते कसे काढायचे? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, तीन वर्षं हे ठेवायचं कुठे? डोंबिवलीचा फ्लॅट वन आरके आहे.

खोलीतल्या रंगीत नक्षीच्या फरश्याही निघतील का?

– दोन खोल्या

माजी वखारवाला :

आधी त्या भंगारवाल्याला नमस्कार करा आणि रस्ता दाखवा. सागवान किलोवर कधी विकत नाहीत, घनफुटावर विकतात. तुमच्या सात फळ्या मिळून पावणेचार घनफुटांच्या वर जातात, तुळई पावणेदोनच्या आसपास. म्हणजे दरवाजा सोडून साडेपाच घनफूट. सुकं सागवान घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतं, तेव्हा हा शंभरेक किलो माल झाला. तो माणूस शंभर किलो जळण बघतोय.

बर्माचं आहे का, हे फोटोवरून मी सांगणार नाही. गिरगावातल्या प्रत्येकाला आपल्या चाळीतलं लाकूड बर्माचंच वाटतं. रंगून-मौलमीनहून माल यायचा हे खरं, पण मलबारचं यायचं आणि सीपीचंही (मध्य प्रांतातलं) यायचं. तुम्हाला त्याने फरक पडायचं कारण नाही. कोपऱ्यात न दिसेल अशा जागी पटाशीने एक कपची काढा. आतून सोनेरी-तपकिरी निघालं, बोटाला किंचित तेलकट लागलं आणि चामड्यासारखा वास आला की सागवान पक्कं.

भोकांचं : भुंगा सालीकडच्या पांढऱ्या लाकडात राहतो, आतल्या पक्क्या गाभ्याला सहसा हात लावत नाही. फळी जमिनीवर आपटा. ताजी पिठूळ भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. पांढरी कड कापून टाका आणि उरलेल्याला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा मारा. भुकटी पडली नाही तर ती भोकं आजोबांच्या काळातली आहेत, राहू द्या.

तुळईची दोन्ही टोकं मात्र नीट ठोकून बघा. भिंतीत गाडलेलं टोक पावसाळ्यानंतर पावसाळा ओल पितं आणि आतून कुजतं. बद्द आवाज आला तर तिथून फूटभर कापायचं, हळहळ करायची नाही.

मिस्त्रींचं खिळ्याबद्दलचं म्हणणं रास्त आहे, त्यांना दोष देऊ नका. खिळे तुम्ही काढून द्या. डोकं मोडलेले खिळे वरून दिसत नाहीत, म्हणून जाड चुंबक दोऱ्याला बांधून फळीवरून फिरवायचा. जिथे ओढ खाईल तिथे खडूने खूण. खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असेल, ते लोखंडामुळे. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने बरंचसं जातं. हातमोजे घालून, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन.

रंगारी नव्हे रसायनवाली :

दरवाज्याला पॉलिशपेपर लावू नका!! ब्लो लँपने जाळूही नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं, आणि घरात लहान मूल असेल तर ती धूळ फार वाईट. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. पेंट रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की पत्रीने ओलाच खरवडायचा, खाली प्लास्टिक पसरायचं. गॅलरीत करा, खोलीत नको. खरवड पिशवीत बांधून वेगळी ठेवा, झाडूने हवेत उडवू नका.

आणि एक विचारते, रंग काढायलाच हवा का? आमच्या आत्याने वरून नवा रंग मारून तसाच दरवाजा वापरला. रंग पापुद्रे धरत नसेल तर तोही मार्ग आहे.

खडूस भाडेकरू :

कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. करारनामा वाचलात का? पाडकामाचा ठेकेदार जुन्या मालाची किंमत धरूनच बिल्डरशी हिशेब करतो. लाकूड, गर्डर, दारं, खिडक्या, सगळं त्याच्या यादीत असतं. तुळई आणि माळा तुमचा म्हणून चालेल, पण चौकट भिंतीतली आहे. सोसायटीमार्फत लेखी घ्या आणि मग पहार लावा. आमच्याकडे एकाने न विचारता खिडक्या काढल्या, दोन महिने पत्रापत्री चालली.

दर्यावर्दी :

थोडं अवांतर. सागवानाला कमी लेखणाऱ्या तुमच्या मिस्त्रींना सांगा, मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमली' नावाची फ्रिगेट (युद्धनौका) बांधली, ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. युद्धांमुळे तिकडे ओकची चणचण होती, म्हणून काम इथे आलं. प्लायची बोट दोनशे वर्षांनी दाखवा म्हणावं.

माजी वखारवाला :

@दर्यावर्दी, बरोबर, पण मिस्त्रीला दोनशे वर्षांशी देणंघेणं नाही, त्याला शनिवारी पगार वाटायचाय.

कानस :

ठेवायचं कुठे, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. ठेवूच नका. तीन वर्षं कुणाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलेलं लाकूड परत आणायला कुणी जात नाही. मी गेलो नाही. वडिलांच्या शिसवी खाटेचं काय झालं ते मी आता विचारतसुद्धा नाही.

आत्ताच टेबल करा आणि डोंबिवलीत वापरायला लागा. चार फळ्या शेजारी शेजारी लावल्या की तीन फूट रुंदी होते, रंधून घेतल्यावर थोडी कमी. लांबी साडेचार फूट ठेवा, वन आरकेत मावेल. पाय तुळईतून चिरून घ्या. पाय आणि वरचा पाट नटबोल्टने जोडा, म्हणजे पुन्हा घर बदलताना सुटं करता येईल. सागवान तेलकट असतं, त्यामुळे फेव्हिकॉल नीट धरत नाही अशी लोकांची तक्रार असते. चिकटवायच्या आधी ताज्या रंधलेल्या कडेवर थिनरचा फडका फिरवा, सुकलं की लगेच फेव्हिकॉल लावा. दुसऱ्या दिवशी नको.

दरवाजा ठेवायचाच असेल तर पाखं सुटी करून पलंगाच्या डोक्याशी उभी करा. चौकटीचा हट्ट सोडा. उरलेल्या फळ्या रे रोडला लकडी बंदराच्या बाजूला दाखवा, नाहीतर जोगेश्वरीला रिलीफ रोडवर जुन्या फर्निचरवाल्यांना. दोन ठिकाणी भाव विचारा, पहिल्याला हो म्हणू नका.

फरश्या : एक काढून बघा. खाली चुना असेल तर छिन्नीने हळूच सुटतात, सिमेंट असेल तर दहातल्या सहा फुटतील. भाजलेल्या नसतात त्या, दाबून केलेल्या सिमेंटच्या असतात, रंगाचा थर वरच्यावर. ॲसिडने धुऊ नका, नक्षी जाईल.

दोन खोल्या :

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बसलो, आता अहवाल.

खाली चुनाच निघाला. बावीस फरश्या शाबूत, तीन गेल्या. सोसायटीने लेखी दिलं, पण फक्त फळ्या, तुळई आणि दाराच्या पाखांसाठी. चौकट ठेकेदाराची. कपची काढली, वास आला. बाबांनी ती कपची रुमालात गुंडाळून खिशात टाकली, त्यावर मी काही बोललो नाही.

तुळईच्या एका टोकाला बद्द आवाज आहे, फूटभर जाईल. चुंबक फिरवून सात फळ्यांत एकतीस खिळे सापडले, अजून अकरा निघायचे आहेत. मिस्त्रींना कानस यांचा नटबोल्टचा आराखडा दाखवला. खिळे नसले तर करून देतो म्हणाले, मजुरी मात्र तीच.

अडचण आता एकच. मजल्यावरचे तुळई चिरू द्यायला तयार नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत बसायला काय, असं विचारतायत. म्हणून चिराई डोंबिवलीला गेल्यावरच होईल. तिकडे स्टेशनच्या जवळपास जुनं, खिळ्यांचं लाकूड चिरून देणारी सॉ-मिल कुणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.