मदत हवी आहे: अमेरिकेतील छोट्या कॉलेजांच्या महिला बास्केटबॉल स्पर्धेचे जुने निकाल

क्रीडा-इतिहासावरच्या लेखासाठी एका जागी अडलोय. एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन थ्रीची, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या गटाची, महिला विजेत्यांची यादी 1982 पासून सुरू होते. पहिलं विजेतेपद एलिझाबेथटाउनचं. त्याआधी स्पर्धा एआयएडब्ल्यू ही महिलांच्या कॉलेज-खेळांची संघटना भरवायची. 1972 ते 74 सलग तीनदा जिंकलेलं इमॅक्युलाटा म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं तेव्हाचं छोटंसं कॅथलिक महिला कॉलेज, पण ती स्पर्धा सर्वांना खुली होती. मला हवीय ती नंतर छोट्या कॉलेजांसाठी निघालेली वेगळी स्पर्धा.

एनसीएएच्या रेकॉर्ड बुकात आणि विकिपीडियावर शोधून झालं. एआयएडब्ल्यूची कागदपत्रं मेरीलँड विद्यापीठात आहेत, पण तिथे जाणं खिशाला परवडणारं नाही. नुसती विजेत्यांची यादी नको, उपांत्य फेरीपासूनचे गुणही हवेत. हे घरबसल्या, फुकट कुठे वाचता येईल?